हुरड्याच्या दिवशीची खुर्ची

दिगंबर,

तुझ्याविषयी लिहायला मी बसलो आहे, याची आधी माफी मागतो. तुला माझ्यापेक्षा जास्त ओळखणारे पुष्कळ आहेत. तुझे वडील शिक्षक आहेत, त्यांना लिहिता येतं. बापट तुझ्याबरोबर संगमनेरच्या शाळेपासून होता. माझी आणि तुझी ओळख कॉलेजातली, म्हणजे कालपरवाची. आमच्या घरात शाळेच्या पुढे शिकलेला मी पहिलाच, आणि गेलेल्या माणसाला काय लिहायचं असतं, कसं लिहायचं असतं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. पण कॉलेजच्या अंकाचं काम पाहणारे सर म्हणाले, "नामदेव, दिगंबरवर तूच लिही." मीच का, हे विचारायचं धाडस झालं नाही. त्यांना बहुधा वाटतं की आपण दोघे जिवलग होतो. होतो ना? मला नक्की सांगता येत नाही. आपलं शेवटचं बोलणं म्हणजे एक भांडण होतं आणि ते मिटलेलं नव्हतं.

तू कोणत्या साली जन्मलास, तुला कोणती बक्षिसं मिळाली, हे दुसरे लिहितील. मला तेवढं माहीतही नाही. मला माहीत आहे ते असं.

पहिल्या आठवड्यात इंग्रजीच्या तासाला हजेरी चालली होती. सगळे "प्रेझेंट सर" म्हणत होते. माझं नाव आलं आणि माझ्या तोंडून "हजर" निघालं. गावच्या शाळेत तसंच म्हणायचो. वर्ग हसला. पुढची दोनचार नावं गेली, मग तुझं आलं, आणि तू चांगला उभा राहून मोठ्याने म्हणालास, "हजर!" वर्ग पुन्हा हसला, या वेळी जास्त. मग बापट म्हणाला "हजर", त्याच्या मागचा म्हणाला "हजर", आणि सर चिडून खडू आपटून म्हणाले की ही काय चावडी आहे का.

तास सुटल्यावर तू माझ्याजवळ येऊन म्हणालास, "काय पाटील, जमलं की नाही?"

"मी पाटील न्हाई," मी म्हणालो. "आमच्याकडं पाटीलकी न्हाई."

"मग मिळेल. घाई काय आहे?"

त्यानंतर तू मला कायम पाटीलच म्हणालास. मी दर वेळी नाही म्हणायचो. तू हजर म्हणालास ते माझी बाजू घेऊन की माझी गंमत म्हणून, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आजही सांगता येत नाही. कदाचित तुला स्वतःलाही या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नसतील. मला मात्र त्या वेगळ्या करून घेतल्याशिवाय चैन पडत नसे.

दिवाळीच्या सुट्टीत मी संगमनेरला तुझ्या घरी आलो होतो. तुझ्या आईंनी मला ओसरीवर पाट मांडला आणि तुम्हा सगळ्यांची पानं आत मांडली. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तसंच असतं, हे लहानपणापासून पाहिलेलं. पण तू तुझं भरलेलं ताट उचललंस, उंबरा ओलांडून बाहेर आलास आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसलास. आई वाढायला बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तुझ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. करंज्या चांगल्या झाल्या होत्या, पण मी एकच घेतली. मला तुझा अभिमान वाटत होता आणि तू आत जाऊन बसावंस असंही वाटत होतं. मी हळूच म्हणालो, "दिगंबर, आत जा की. आईंना वाईट वाटतंय." तू म्हणालास, "वाटू दे. आमटी घे."

आईंना वाईट वाटलं ते तुला चाललं. मला काय वाटत होतं ते तू विचारलं नाहीस. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, दिगंबर. तुझ्याइतकं माझ्यासाठी कोणी केलेलं नाही. पण तू माझ्यासाठी काही केलंस की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळत, आणि मला तर कोणाच्या नजरेत न येता शिकून घ्यायचं होतं.

आता हुरड्याच्या दिवसाचं लिहितो, कारण तोच दिवस डोक्यातून जात नाही.

यंदा कॉलेजच्या संमेलनाचा शेवटचा दिवस संक्रांतीला आला. घरी जाणारी मुलं घरी जाऊ नयेत म्हणून तूच चिटणीस या नात्याने टूम काढलीस की त्या दिवशी कॉलेजच्या माळावर हुरडा करायचा. आपलं कॉलेज नवं, इमारत अजून व्हायची, लष्कराने सोडलेल्या बराकींत वर्ग भरतात, आणि भोवती नुसता माळ. थंडी अशी पडली होती की सकाळच्या तासाला शाईची दौत मुठीत धरून बसायचो. तू मला म्हणालास, "पाटील, कणसं तुमच्याकडून." मी घरी निरोप धाडला. मला वाटलं होतं आबा, म्हणजे माझे वडील, कोणाबरोबर तरी पोतं पाठवतील. ते स्वतःच आले.

आमच्या चितळीच्या स्टेशनावर पहाटेची गाडी धरून, कोवळ्या कणसांची दोन पोती घेऊन आबा नगरला उतरले. आदल्या संध्याकाळी खुडलेली कणसं, वर ओलं फडकं. बराकीच्या दाराशी पोती टेकवून त्यांनी पागोटं सारखं केलं आणि मला विचारलं, "साळा ती हीच व्हय? ही तर पलटनीची घरं हायेत."

तू धावत आलास आणि वाकून त्यांच्या पाया पडलास. आबा दचकून मागे सरकले.

"आरं आरं, भटजीबुवा, काय करता? उलटं झालं हे!"

"आबा, सरकारला ही दोन पोती कळली तर? लेव्हीच्या धान्यवसुलीत धरतील," तू म्हणालास.

"खाल्ल्याली कनसं कशी धरत्याल? पोटं फाडून मोजत्यात काय?"

तू इतका हसलास की तुझा चष्मा खाली पडला. दोघांची तिथेच गट्टी जमली. मी बाजूला उभा होतो. मला बरं वाटत होतं.

दुपार कलताना आबांनी माळावर खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली. मुलं भोवती गोल करून बसली. शेंगदाण्याची चटणी होती, गूळ होता, बोरं होती, हरभऱ्याचे डहाळे होते. पहिली कणसं आबांनी चक्क करपवली, कारण तू त्यांना बैलांविषयी विचारत सुटला होतास आणि ते घोडेगावच्या बाजारात खिल्लारी जोडी कशी हातची गेली ते सांगण्यात रंगले होते. बापट ओरडला, "आबा, धूर!" आबा म्हणाले, "पयल्या कनसावर आगटीचा मान. आता बसा गुमान." सगळे हसले. मग कणसं नीट भाजू लागली. आबा एकेक कणीस तळहातांत चोळून गरम दाणे मुलांच्या ओंजळीत टाकत होते. थंडीत तोंडातून वाफ येत होती आणि ओंजळीतून वाफ येत होती. कोणीतरी हलवा उधळला. पतंग उडत होते. कॉलेजातला इतका चांगला दिवस मी पाहिला नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर जे झालं त्यात हे बुडून जाऊ नये.

प्राचार्य आणि प्राध्यापक यांच्यासाठी एका बाजूला खुर्च्या मांडल्या होत्या. मधली खुर्ची शहरातल्या एका वकीलसाहेबांची. ते पाहुणे म्हणून यायचे होते. त्यांच्यासाठी शेवंतीचा हार आणून ठेवला होता, मध्ये जरीचा गोंडा असलेला. वकीलसाहेब आले नाहीत. घरून निरोप आला की त्यांना सर्दी झाली आहे. तू निरोप ऐकलास, क्षणभर त्या खुर्चीकडे पाहिलंस, आणि सरळ आगटीकडे चालत आलास. आबांचा हात धरलास.

"चला आबा."

"कुठं?"

"चला तर."

त्यांना काही कळायच्या आत तू त्यांना प्राचार्यांच्या शेजारी त्या खुर्चीत बसवलंस आणि तो हार त्यांच्या गळ्यात घातलास. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आबांचे हात राखेने काळे झाले होते. खुर्चीला लागू नयेत म्हणून त्यांनी ते पुढे अधांतरी धरले होते, जणू कोणी त्यांना काही देणार आहे. प्राचार्य हसून म्हणाले, दोन शब्द बोला. आबा उठले. 

"हुरडा गरम हाय तवर खावा," आबा म्हणाले. "बोलून गार करू नगा."

आणि बसले. माळ दणाणून गेला. मुलं टाळ्या वाजवत होती, शिट्ट्या घालत होती, लोळत होती. त्या हसण्यात प्रेम किती आणि चेष्टा किती, हे मी एकेका चेहऱ्याकडे पाहून शोधत होतो. प्रत्येक चेहऱ्यावर मला दोन्ही दिसत होतं.

हौदावर हात धुताना मी तुला गाठलं.

"ती खुर्ची वकीलसाहेबांची होती," मी म्हणालो.

"होती. ते आले नाहीत."

"हारही त्यांचाच."

"मग तो काय आगटीत टाकायचा होता?"

"म्हणजे उरलेला हार माझ्या बापाला."

तू हातावरचं पाणी झटकत थांबलास. "उरलेला नाही रे. मला वाटलं, खरा पाहुणा तर हाच आहे. सगळ्यांना खाऊ घालतोय आणि उभाच आहे."

"वकीलसाहेब आले असते तर?"

तू ओले हात सदऱ्याला पुसलेस.

"तर दुसरी खुर्ची आणली असती," तू म्हणालास.

"कुठून? होती का दुसरी?"

"नामा," तू मला त्या वेळी पाटील म्हणाला नाहीस, "तुला राग माझा आलाय, की आबांचे काळे हात सगळ्यांनी पाहिले त्याचा?"

"तू माझ्या बापाला दाखवायला बसवलंस!"

"आणि तू त्यांना लपवायला बघतोस. त्यांना आवडलं. मी पाहिलं त्यांच्या तोंडाकडे."

"मीही पाहिलं. त्यांना नाही आवडलं. बाप माझा आहे, मला कळतं."

"तुला काही कळत नाही."

"तुलाच कळत नाही."

आपण असे भांडत होतो आणि पलीकडे आबा हार गळ्यात तसाच ठेवून मुलांना कणसं चोळून देत होते. आपल्या दोघांपैकी कोणालाही सुचलं नाही की चार पावलं जाऊन त्यांनाच विचारावं.

संध्याकाळी आबांना गाडीत बसवून दिलं. मग सगळे एकमेकांना तिळगूळ देऊ लागले. माझ्या मनातला राग तोवर निवला होता. मी तुझ्यापुढे लाडू धरला. "घे. गोड बोल."

तू हात मागे घेतलास.

"नाही घेणार," तू म्हणालास. "घेतला की गोड बोलावं लागेल, आणि मला अजून भांडायचंय. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो. तोवर मी तुला पटवून देईन. नाहीतर तू मला."

बाजूची मुलं हसली. मी लाडू हातात धरून उभा राहिलो. तुझ्या तोंडावर हसू होतं, पण डोळे हसत नव्हते. तू खरंच दुखावला होतास, की नेहमीसारखी गंमत चालली होती? बापटला विचारलं तर तो म्हणतो, गंमतच होती, तू फार मनावर घेतोस. बापटला ते बोलणं सोपं आहे. त्याचा लाडू तू घेतला होतास.

त्यानंतर आठवडाभर तू कॉलेजात येत होतास. मला पाहिलंस की दुरून बोट दाखवायचास, म्हणजे भांडण चालू आहे. मीही बोट दाखवायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडू लागलं होतं. माझ्याशी इतकं मन लावून कोणी भांडलं नव्हतं. मी माझे मुद्दे रचत होतो. ओसरीवरच्या ताटाचं सांगायचं ठरवलं होतं, आणि हजेरीचंही. म्हणायचं होतं की दिगंबर, तू चांगलं करतोस तेव्हा ज्याचं करतोस त्याला एकदा विचारत जा. आणि त्याच्या पुढचंही बोलायचं होतं, ते जमेल असं वाटत नव्हतं, की तू विचारत बसला असतास तर मी प्रत्येक वेळी नको म्हणालो असतो आणि मग माझं काहीच झालं नसतं.

मग तू यायचा बंद झालास. कोणी म्हणालं, डोकं दुखत होतं. कोणी म्हणालं, नगरला ज्या मावशीकडे राहायचा तिच्या घरून संगमनेरला गेला आहे. तिमाही परीक्षा तोंडावर होती. तुझ्यासारख्या मुलाने परीक्षेच्या आधी घरी जाऊन बसावं हे मला विचित्र वाटलं. मला वाटलं, तू भांडण लांबवतो आहेस. दिगंबर, मला खरंच तसं वाटलं. बापट एक दिवस म्हणाला, ताप आहे त्याला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, उतरला म्हणे. मी निश्चिंत झालो आणि पाठांतराला लागलो.

रथसप्तमीला सुट्टी नव्हती, पण मी आदल्या दिवशी गाडी धरून घरी गेलो. बेत असा होता की सण घरी करायचा आणि दुसऱ्या सकाळी राहात्याहून मोटारीने संगमनेर गाठायचं. मुदत एका दिवसाने हुकली असती, पण तेवढ्यावरून तू अडून बसला असतास तर तोही एक मुद्दा झाला असता.

सकाळी आईने अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवलं, आणि मी आबांना शोधत वावरात गेलो. ते बांधावर बसून होते. ज्वारी आता पिकायला आली होती, पाखरं बसत होती, पण गोफण त्यांच्या मांडीवर तशीच पडून होती. मी शेजारी बसलो. आबा माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"म्या संगमनेरला गेल्तो. बाजारच्या दिशी."

"कशाला?"

"दोराला. आन् भटजीबुवाच्या आईला थोडी कनसं द्यावी म्हनलं. त्यो म्हनाला हुता ना, आईनं कंदी हुरडा खाल्ला न्हाई म्हून. मास्तराचं घर इचारत गेलो. तर पोरगं आथरुनात. लई ताप."

"मला का न्हाई कळवलं?"

"त्यानंच नगं म्हनलं. नामाची परीक्षा हाय, म्हनला, तो इथं यील आन् नापास हुईल."

मी विचारलं, "तुमाला कुठं बसवलं?"

"आत. त्याच्या उशाशी. मास्तरीन बाईनं सोता पाट टाकला." आबांनी गोफणीचा दोर बोटाला गुंडाळला. "बोलवत नव्हतं त्येला. पर मला इचारलं त्येनं. म्हनला, आबा, खरं सांगा, त्या दिशी खुर्चीत बसवलं त्ये आवडलं का न्हाई."

"मंग? तुमी काय सांगितलं?"

"म्हनलं, आवडलं बाबा, लई आवडलं."

"खरंच आवडलं हुतं?"

"आजारी पोराला दुसरं काय सांगत्यात?" आबांनी बांधावरचं एक ढेकूळ हातात घेतलं आणि फोडलं. "आन् तवर मला कुनी इचारलंच नव्हतं. तूबी न्हाई."

"आता इचारतो."

समोर कणसांवर पाखरं उतरली तरी त्यांनी हाकलली नाहीत.

"हारातली जर टोचत हुती मानंला," ते म्हणाले. "आन् काढावाबी वाटत नव्हता."

दिगंबर, मला हसूच आलं. इतके दिवस आपण दोघे आपापल्या जागी घट्ट रोवून उभे होतो, आणि हे असं होतं. तू हरला नव्हतास, मीही हरलो नव्हतो, आणि दोघांनाही पुरतं कळलं नव्हतं. हे ऐकून तू कसा उसळून बसशील, चष्मा कसा सावरशील, "म्हणजे निम्मं माझंच बरोबर" म्हणून निम्म्यासाठी पुन्हा कसा भांडशील, ते मला समोर दिसलं. मी उठलो आणि धोतराची माती झटकली.

"आबा, मी उद्याची मोटार कशाला बघू? आत्ताच निघतो राहात्याला. त्येला हे सांगितलंच पायजे."

आबांनी माझं मनगट धरलं. सोडलं नाही.

"बस, नामा."

"का?"

"बस म्हनतो ना." त्यांनी अजूनही माझ्याकडे पाहिलं नव्हतं. "परवाच्या दिशी गेलं त्ये पोरगं. काल मोटारवाला सांगून गेला. सकाळधरनं हितं बसलोय, तुला कसं सांगावं त्ये मला यीना."